मानकऱ्याची बेशुद्धी

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण शिमग्यातली ती घटना आजही आठवते आणि हसू येतं. त्या दिवशी सुरुवातीला मात्र कुणी हसत नव्हतं.

साठच्या दशकात मी महाडला फौजदार होतो. दुपारी ठाण्यात चहाचा कप तोंडाला लावतोय, तोच सरकारी दवाखान्याचा शिपाई धावत आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातून बेशुद्ध माणूस ट्रकमधून आणला होता, आणि विषप्रयोगाचा संशय होता. चहा तसाच राहिला.

बेशुद्ध माणूस गावच्या पालखीचा मानकरी. मुंबईला गिरणीत कामाला, शिमग्यासाठी गावी आलेला. पालखी हलेपर्यंत मानकऱ्यानं उपास धरायचा, असा तिथला रिवाज. ऐन पालखी उचलायच्या वेळी तो कोसळला होता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता आणि मानकऱ्याची बायको त्या माणसाच्याच नावानं बोटं मोडत होती.

"साहेब, ह्यो ह्येंचा चुलतभाऊ. यानंच धोतरा घातलाय. तांब्या देताना मी बघितलंय. ह्याला पालखीचा मान पायजे हाय."

मानावरून दोन घरांत वैर आहे, हे बरोबर आलेल्या चौघांनीही सांगितलं. हेतू मिळाला, संधी मिळाली, साक्षीदार मिळाली. इतकं आयतं प्रकरण हाती आलं की मला आधी शंका येते.

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. डोक्याला मार नाही, साप चावल्याची खूण नाही, दारूचा वास नाही, ताप नाही, जीभ चावलेली नाही. एकेक कारण ते बाजूला टाकत गेले. मग मला म्हणाले, "धोतरा असता तर अंग कोरडं आणि तापलेलं असतं. हा तर गार पडलाय आणि घामानं निथळतोय. दुसरं काहीतरी आहे. याला बोलता येत नाही, तेव्हा त्या चुलतभावाला बोलतं करा. उशीर झाला तर माणूस हातचा जाईल."

चुलतभावाला ठाण्यात आणलं. भर बाजारातून, दोन शिपायांच्या मधे. बघ्यांनी दुकानं सोडली.

"तांब्यात काय होतं?"

"पाणी."

"उपास असताना पाणी कशाला?"

मी दरडावलं, हवालदारानं टेबलावर हात आपटला, तरी गडी खाली मान घालून बसून राहिला. पण त्याचे डोळे सारखे दवाखान्याच्या दिशेला जात होते. विष घालणारा असं बघत नाही. मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"कुणी शपथ घातलीय का?"

त्यानं मान हलवली. "देवीची हाय, साहेब."

"मग देवीला काय उत्तर द्यायचं ते मी बघतो. तू फक्त डॉक्टरांना सांग. तो मरतोय रे."

तेव्हा त्याला रडू फुटलं. "तेला साखरेचा आजार हाय. वैर गावात, मुंबईत आम्ही एकाच खोलीत ऱ्हातो, म्हणून मला ठावं. घरात कुनाला बोलला नाय. आजारी मानसाला पालखी उचलू देत नाय ना आमच्यात. गोळी घ्यायला पानी मागितलानी माझ्याकडं. औषधानं उपास मोडत नाय, बोलला."

मी त्याला तसाच धरून दवाखान्याकडे पळालो. बाजारातल्या लोकांना वाटलं, आरोपी फौजदारालाच पळवून नेतोय. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. साखर उतरवायची गोळी पोटात गेली होती आणि वर अन्नाचा कण नव्हता. आम्ही सगळे त्यानं काय खाल्लं ते शोधत होतो, आणि बेशुद्धीचं मूळ न खाण्यात होतं.

ग्लुकोजची सुई शिरेत गेली. थोड्याच वेळात मानकऱ्यानं डोळे उघडले, आम्हा सर्वांकडे रागानं पाहिलं आणि विचारलं, "पालखी कुनी उचललीन?" डॉक्टर इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. गोळीचा अंमल उतरेपर्यंत मात्र त्यांनी त्याला सोडलं नाही.

मी चुलतभावाला जायला सांगितलं, तर तो जागचा हलेना. "साहेब, तुमी मला आनलात तो समद्यांनी बघितला. आता गावात कोन माझा इस्वास ठेवनार?" त्याचं म्हणणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी मीच गणवेश चढवून दोघा भावांबरोबर एस.टी.त बसलो.

पालखी खोळंबली होती. सगळा गाव जमल्यावर मानकऱ्यानं स्वतः आपला आजार सांगितला आणि म्हणाला, "यानं तोंड उघडलं असतं तर माझा मान यालाच मिळाला असता. तरी बोलला नाय. औंदा फुडचा खांदा याचा."

गप्प बसणारा माणूस स्वतःची कातडी वाचवतो, अशी आम्हा पोलिसांची समजूत असते. त्यानंतर ठाण्यात कुणी असा मान खाली घालून बसला, की हा कुणाला सांभाळतोय, हे मी आधी विचारू लागलो. पुष्कळदा त्याचा उपयोग झाला.

पालखी उचलणाऱ्यांच्या पायांवर तिथल्या बायका पाणी घालतात. चुलतभावानं खांदा दिला, तशी मानकऱ्याची बायको कळशी घेऊन गर्दीतून पुढं आली. तिनं सगळी कळशी त्याच्याच पायांवर रिकामी केली आणि तिथंच वाकून बसली. तो म्हणाला, "ऊठ गो वयनी, पालखी थांबलीय."