देव्हाऱ्यातला बिल्ला

मुलांनो, देवाच्या कृपेबद्दल लिहायचं तर हात जोडून सुरुवात करावी. पण मी रागानेच सुरुवात करते, कारण त्या दिवसांत माझ्याकडे रागाखेरीज दुसरं काही नव्हतं. तुमच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. इस्पितळात घाईघाईने त्यांचे कपडे बदलले, त्या गडबडीत पँटच्या खिशातली मोटारीची चावी रिमोटसकट गहाळ झाली. दुसरी चावी कपाटात नव्हती, म्हणजे ती आधीच हरवून हे गप्प बसले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की रोज कतारगामच्या उपचार केंद्रात हाताच्या व्यायामासाठी न्या, हात परत येणार असेल तर तो पहिल्या काही आठवड्यांतच येईल. रिक्षात बसवलं तर हे एका अंगावर कलंडत. दोघांनी धरूनही पहिल्याच वळणावर घसरले आणि मी रिक्षा परत फिरवली. मोटार मात्र दारातच उभी होती, चालवायला मी होते, आणि दार उघडत नव्हतं.

शोरूममधल्या माणसाने सांगितलं की गाडीबरोबर पत्र्याचा एक छोटा बिल्ला दिला होता. त्यावर दोन आकडे असतात, एक चावी कापण्याचा आणि दुसरा रिमोटचा. ते असले तर काम दोन दिवसांचं. नाहीतर सगळी कुलपं आणि आतली यंत्रणा बदलायची, सामान मुंबईहून यायचं, दीड महिना तरी लागेल. आकडे तुमच्या वहीत असतीलच, असं मी म्हटलं. तशी नोंद ते ठेवत नव्हते. वर गुजरातीत म्हणतो, "बेन, साहेबने लई आवो, सही करवी पडशे." म्हणजे सहीसाठी ह्यांनाच घेऊन यायचं. मी म्हटलं, "ज्या हाताने सही करायची, तो हात वाचवण्यासाठीच मला चावी हवी आहे." त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मी तणतणत बाहेर पडले, तर एक गृहस्थ मागून आले. खानदेशातले, बमरोलीला कापडाच्या मागांवर फिटर, आणि सुटीच्या दिवशी कुलपं-चाव्यांची कामं करणारे. त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं. "माय, बिल्ला सापडना ते माले सांगा. चावी मी करी देसू," बिल्ला मिळाला की चावी ते करून देणार, असं सांगत त्यांनी पत्ता लिहिलेला कागद दिला. मग थोडं थांबून म्हणाले, "नाहीच सापडला तर देव पाण्यात ठेवा." मी त्यांना तिथेच सुनावलं की मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आहे, असल्या गोष्टी मला सांगू नका. ते नुसते हसले.

माझ्या घरात प्रत्येक कागदाला फाइल आणि प्रत्येक फाइलला क्रमांक, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोटारीच्या फाइलमध्ये टायरच्या पावत्यासुद्धा होत्या. बिल्ला नव्हता. दोन दिवस मी घर उपसलं. आजोबांना विचारलं तर ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांच्यावरही ओरडले. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

तिसऱ्या सकाळी, व्यायामाचा आणखी एक दिवस बुडणार हे दिसल्यावर, मी घंगाळ भरलं. मनातली गोष्ट होईपर्यंत मूर्ती पाण्यात बुडवून ठेवायच्या, या प्रकाराला मी कायम हसत आले. शिवाय पूजा आजोबांची, देव्हाऱ्याला मी कधी हात लावत नसे. त्या दिवशी लावला, आणि भक्तीने मुळीच नाही. "या माणसाने रोज तुम्हाला न्हाऊ घातलं आणि तुम्ही त्याचाच हात घेतलात. बसा आता पाण्यात," असं मोठ्याने म्हणत मी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दत्त एकेक करून बुडवले. खालचं लाल वस्त्र ओढलं, आणि बिल्ला खणकन फरशीवर पडला. त्यावर गंधाचे वाळलेले डाग होते. मोटारीची पूजा झाली त्या दिवशीच तो तिथे गेला असणार.

मी तशीच पत्ता घेऊन बमरोलीला धावले. दुसऱ्या दिवशी ते फिटर कापलेली चावी आणि रिमोट बसवणारा ओळखीचा माणूस घेऊन आले. दुपारी मोटारीचे दिवे लुकलुकले आणि दार उघडलं. मी सांगितलं होतं ना, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "देव बाहेर काढले का, माय?"

देव कालपासून पाण्यातच होते. मी आत पळाले, एकेकाला पुसलं, आणि पुसता पुसता इतकी रडले की पुन्हा पुसावं लागलं. मी भांडायला गेले होते, आणि देवांनी भांडणाचाही मान राखला.

आजोबांचा हात पुरता नाही आला, पण पळी धरण्याइतका आला. वाचा हळूहळू परतली. त्यांना पहिलं पूर्ण वाक्य जमलं, तेव्हा मी कितीतरी आठवडे गिळून ठेवलेला प्रश्न विचारला, की बिल्ला तिथे का ठेवलात. ते म्हणाले, "घरात तेवढी एकच जागा तू आवरत नाहीस."

मला राग आला. अजून येतो. पण बिल्ला मी फाइलला लावला नाही. धुऊन, कोरडा करून, लाल वस्त्राखाली होता तिथेच ठेवला आहे.