वेचणीच्या दिवसांतले फिरते घर

मुलाच्या फिरत्या घराचे, म्हणजे पलंग आणि ओटा असलेल्या त्या मोठ्या गाडीचे, दार उघडले की मला ओल्या दुपट्यांचा वास येतो. गावात सांगतात, वेचणीच्या बाया न विचारताच तिच्यात शिरल्या. सून सांगते, परवानगी तिने दिली. दोन्ही धादांत खोटे आहे. त्या हिवाळ्यात गाडी संग्रामपूरजवळच्या आमच्या शेतात झाकून उभी होती, सातपुड्याकडून बोचरा वारा सुटला होता, कापूस बोंडांतून लोंबत होता आणि वेचायला माणसे मिळत नव्हती. एक तरुण बाई तान्ह्याला छातीशी धरून म्हणाली, “आबाजी, लेकरू काकडून राह्यलं. मी जातो घरी.” तिच्यामागे बाकीच्या लेकुरवाळ्याही उठल्या. “जातं कुठी वं? हे घर काय शोभेले उभं केलं?” असे म्हणून मीच आच्छादन ओढले आणि किल्ली तिच्या हाती दिली. मुलगा फोनवर ओरडला, “बाबा, गाद्या खराब होतील!” “तू काय कमी भिजवल्या बे?” मी म्हणालो. दुपारी उबेत तान्ही ओळीने निजली होती आणि बाहेर कापसाचे गाठोडे फुगत होते. आता मुलगा ती कल्पना स्वतःची म्हणून मिरवतो. यंदा त्याला हिवाळ्यात गाडी गोव्याला न्यायची होती. मी म्हटले, बायांना विचार. त्या नाही म्हणाल्या.