बाबांनी बाईंना शिकवलेली थप्पी

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेतल्या बाई सांगितलं तेवढंच करायच्या. "बाई, पुढं चला," म्हटलं की त्या चालत सुटायच्या आणि थेट भिंतीवर जाऊन आदळायच्या. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारायच्या, "थांबा म्हणून कोण सांगणार?" आम्ही चौथीतली पोरं हसून लोळायचो. याला त्या कोडिंग म्हणायच्या.

शाळेत संगणक एकच. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू त्याच्या अंगावर वर्षभर टिकायचं, वीज तासभरही टिकायची नाही. म्हणून बाई स्वतःच संगणक व्हायच्या. "मी मठ्ठ आहे," त्या अभिमानाने सांगायच्या, "पायरीपायरीने सांगा." एकदा आम्ही त्यांना चहा करायला लावला. पाणी, पावडर, साखर, सगळं पडलं, पण चहा काही होईना. चूल पेटवा असं कोणी बोललंच नव्हतं.

"बाई येडीच हाय," पाड्यावर म्हणायचे.

दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जायचा. त्या वर्षी मलाही न्यायचं ठरलं होतं. आईबाबा विटा पाडणार, मी भाकऱ्या थापणार. बाबा मला न्यायला वर्गाच्या दारात आले.

"न्या," बाई म्हणाल्या. "पण आधी मला विटा रचायला शिकवा. ही पुस्तकं म्हणजे विटा."

"बाई, टेम्पो उभा हाय."

"मग लवकर शिकवा."

बाबा म्हणाले, "चार उभ्या ठेवा." बाईंनी वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार पुस्तकं उभी केली.

"अवो, एकीला एक चिकटून!"

"तसं सांगा की."

बाबांना घाम फुटला. मग डोळे मिटून, भट्टी समोर असल्यासारखं ते बोलले, "चार उभ्या, चिकटून. वर चार आडव्या. परत उभ्या, परत आडव्या. थप्पी छातीला लागली का बास."

"महिनाभर मी हेच शिकवतेय," बाई ओरडल्या, "यांनी एका दमात सांगितलं! वाजवा टाळ्या!"

बाबांसाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते लाजून खाली बघत राहिले.

"हिला येतं का हे?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवत विचारलं.

"येतंय. पण आता गेली तर अर्धवट राहील."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बाबा माझ्याकडे वळले. "ऱ्हा गो. मावशीकडं जेव. भाकऱ्या तुझी आई करील."

"आणि पीठ तुमी मळाल!" टेम्पोतून आई ओरडली.

पुढे बाईंची बदली मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याला झाली. मी शिकत राहिले आणि बी.एस्सी. झाले, आमच्या घरात पहिलीच. निकाल लागला तेव्हा भट्टीचा हंगाम सरत आला होता, आईबाबा अजून तिकडेच होते. मी बाईंना फोन लावला.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही अजून. आधी तुम्हाला."

"क्रम चुकला!" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मी बाबांना फोन लावला. "बाबा, मी पास झाले." लगेच बाबांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. सगळ्या भट्टीला ऐकू जाईल असे ते ओरडत होते, "ए, विटा खाली ठेवा रे! जरा टाळ्या वाजवा!"