शून्य चालेल, गैरहजर चालणार नाही

त्या वर्षी आमच्या कॉलेजातला बीसीएचा वर्ग इतका मोकळा पडला की झाडणाऱ्या मावशींनी मागच्या निम्म्या भागात झाडू मारणंच सोडून दिलं. मी त्या वर्गाला अकाउंट्स शिकवते. आदल्या वर्षापर्यंत तिथं शिरायला बारावीचं मार्कलिस्ट पुरत होतं. पोरं यायची, रांगेत भांडायची, फी भरायची आणि वर्ग भरायचा. मग वर बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला, की ह्या कोर्सलाही सीईटी पाहिजे. इंजिनिअरिंगला आहे, फार्मसीला आहे, मग ह्यांनीच काय घोडं मारलंय? झालं, परिपत्रक निघालं. ते निघालं कधी, तर पोरं बारावीच्या पेपरांत मान घालून बसली होती तेव्हा. अर्जाची मुदत आली आणि गेली, गावाकडच्या कॉलेजांतल्या मास्तरांनाही पत्ता नाही.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. आमच्याकडं हळू बोलणाऱ्याला आजारी आहे का म्हणून विचारतात. इतकी वर्षं शिकवूनही माझा आवाज काही मवाळ झालेला नाही आणि स्टाफरूममध्ये त्याबद्दल तक्रारी आहेत. असू देत. पण ज्या पेठेत मी वाढले तिथली तालमीच्या कट्ट्यावरची पोरं, ज्यांना फुटबॉलशिवाय दुसरा विषय नव्हता, तीसुद्धा आता एकमेकांच्या बहिणींचं पर्सेंटाइल विचारतात. चौकात फ्लेक्स लागतात. फोटो, फेटा, हात जोडलेले आणि खाली आकडा, दशांश चिन्हासकट. मला त्या फ्लेक्सखालून जाताना हसू येतं.

हे पर्सेंटाइल म्हणजे काय, ते एकदा नीट ऐका. तुम्हाला किती येतं, ते नव्हे. तुमच्या मागं किती जण राहिले, ते. म्हणजे सगळा गठ्ठाच ढ असला की त्यातला जरा कमी ढ तो नव्व्याण्णव. ह्याच्यावर म्हणे पोराची लायकी ठरते. डोंबल ठरते.

आता बारावीचे मार्क म्हणजे काय सोवळ्यातले, असंही मी म्हणत नाही. तोंडी परीक्षेचे आणि प्रॅक्टिकलचे मार्क कसे वाटतात ते मी जवळून बघितलंय, महाप्रसादाला पंगतीत वाढतात तसे. बाहेरून आलेला परीक्षक दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आला की त्याला सगळी पोरं हुशार दिसतात. तेव्हा सगळ्यांना एका मापानं मोजायची एक परीक्षा असावी, हे मला पटतं. निदान तत्त्व म्हणून पटतं. पण माप घेऊन जो बसलाय त्याला धान्य कळतं का, हे कोण विचारणार? ज्या पोरांना आम्ही तीन-तीन वर्षं शिकवतो त्यांच्याबद्दल आम्हाला कुणी एका शब्दानं विचारत नाही.

तर अशा वर्षी, जुलैच्या एका भिजक्या दुपारी, राधानगरीकडची एक पोरगी वडिलांना घेऊन प्रवेशाच्या टेबलाशी आली. टेबलावर मी होते. वडील म्हणजे चार म्हशी आणि भाताची शेती असलेला उंच, कमी बोलणारा माणूस. पोरगी बारावीला तिच्या कॉलेजात पहिली आलेली. गावातल्या दूध संस्थेत मशीनला दुधाची फॅट लावतात आणि आकड्याची स्लिप बाहेर येते, ते बघून बघून तिला कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. ते मशीन आकडा काढतंय कसं, हे तिला कुणालाच सांगता आलं नव्हतं आणि ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. घरात चुलत्यांचं म्हणणं होतं की पोरीनं तालुक्याच्या कॉलेजात बी. कॉम. करावं, एसटीनं जावं आणि यावं. वडील कसेबसे कोल्हापूरला तयार झाले, तेही मुलींचं होस्टेल आमच्या आवारातच आहे म्हणून.

मी मार्कलिस्ट बघितलं आणि सीईटीचा कागद मागितला. पोरगी म्हणाली, ती इंजिनिअरिंगवाल्यांची असते ना? तिच्या सरांनी तसंच सांगितलं होतं. मी कपाळाला हात लावला. परीक्षा दिली नसेल तर प्रवेश नाही, हे मलाच सांगावं लागलं.

वडिलांनी शेजारच्या उघड्या दारातून वर्गात डोकावून बघितलं. मग मला म्हणाले, “बाकं मोकळी हायत की, बाई. माझी पोरगी बसली तर कुणाची जागा जाती?”

मी त्या दोघांना घेऊन तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. आमचे प्राचार्य सज्जन. सज्जन म्हणजे वरून फोन आला की खुर्चीतून उठून उभं राहून बोलणारे. मी त्यांना फोन लावायला लावला. ते उभे राहिले, बराच वेळ ‘हो सर, हो सर’ झालं, आणि फोन ठेवून त्यांनी आम्हाला निकाल ऐकवला. परीक्षा दिलेली पाहिजे. किती मार्क पाहिजेत? त्याला काही अट नाही. शून्य असलं तरी प्रवेश मिळतो. पण परीक्षेला बसलेलं पाहिजे. शून्य चालेल, गैरहजर चालणार नाही.

मी म्हटलं, म्हणजे ज्याला काही येत नाही असं कागदावर सिद्ध झालंय तो आत आणि जिला येतंय ती बाहेर? प्राचार्य म्हणाले, नियम आहे, मॅडम. ह्या माणसाला उद्या कुणी उलटं चालायला सांगितलं तर तो मागं वळून बघणारसुद्धा नाही, असं मला वाटून गेलं.

आणि शून्याची गोष्ट काही हवेतली नव्हती. आदल्याच दिवशी मी एका हॉटेलवाल्याच्या पोराला प्रवेश दिला होता. त्याचा आकडा शून्याला टेकलेला. मी विचारलं तर गडी खुशाल सांगतो, त्या दिवशी तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच होती, म्हणून सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय दाबला आणि पळत सुटलो. पोरगं गोड होतं, त्याचा मला राग नाही. पण त्याच्या त्या दाबादाबीला प्रवेशाचा हक्क म्हणायचं आणि ह्या पोरीच्या दोन वर्षांच्या अभ्यासाला काहीच म्हणायचं नाही, ह्या शहाणपणापुढं हात टेकले.

केबिनच्या बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. “पावणं, त्या परीक्षेला काडीचा अर्थ न्हाय,” मी त्यांना अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं. “ती दिली काय आन न्हाय दिली काय, तुमच्या पोरीचं डोकं तेच ऱ्हातंय.” ते ऐकून घेत होते. पोरगी खाली बघत होती. ती दोघं पावसात गेली आणि मी चहा न पिताच पुढच्या तासाला गेले.

बाकं फक्त आमचीच मोकळी नव्हती, सगळीकडंच तीच रड. तेव्हा वरच्यांना घाम फुटला आणि परीक्षा पुन्हा एकदा घ्यायचं ठरलं. मी लगेच पोरीला फोन लावला. फोन वडिलांचा, त्यांनीच उचलला. भाताची रोपलावण चाललेली, चुलत्यांनी तालुक्याच्या कॉलेजाचा फॉर्म आणून ठेवलेला, आणि एकदा तोंडावर पडल्यावर पुन्हा शहराकडं बघायची त्यांना इच्छा दिसत नव्हती. सहज त्यांनी विचारलं, सरकारी परीक्षा हाय का ही? मी हो म्हटलं. कॉम्प्युटरवर असती? तेही हो म्हटलं.  मग म्हणाले, भरा फॉर्म.

पुढची गंमत पोरीनं मला नंतर सांगितली. त्या संध्याकाळी दूध घालायला आलेल्या सगळ्यांना कळलं की ह्यांची पोरगी सरकारी परीक्षेला बसणार. बारावीत ती पहिली आली तेव्हा घरात कुणाची मान हलली नव्हती. नुसता परीक्षेचा अर्ज भरला आणि चुलते तिला अहोजाहो करायचेच काय ते राहिले. अभ्यासाला बसली की तिला म्हशीकडं पाठवायचं बंद झालं. जी परीक्षा मला कचरा वाटत होती तिच्या नावावर त्या घरात एका पोरीला पहिल्यांदा दिवा मिळाला आणि दार लावून बसायला मिळालं. ह्याच्यावर काय बोलायचं? मी तोंड मिटून गप्प राहिले, आणि मी गप्प राहते म्हणजे बघा.

परीक्षेचं केंद्र आलं सांगलीकडं. आरशात घड्याळ बघितलं तर किती वाजलेले दिसतील, असा एक प्रश्न होता, पोरगी हसत सांगत होती. म्हणजे कोल्हापुरात बीसीए करायचं तर आधी उलटं घड्याळ वाचता यायला हवं. तिनं बरोबर वाचलं. परत येताना वडिलांनी तिला नृसिंहवाडीला नेलं, दत्ताला नारळ ठेवला आणि बासुंदी खाऊ घातली. वडिलांनी आपल्याला बाहेर काहीतरी विकत घेऊन खायला घालणं, असं ह्याआधी कधी घडल्याचं तिला आठवत नव्हतं.

ह्या मधल्या काळात आमच्या प्राचार्यांनाही अक्कल आली होती, अर्थात शेजाऱ्याची उसनी. आसपासच्या कॉलेजांनी एक पळवाट काढली. सीईटी होती ती ह्या नावाच्या कोर्सला. मग नावच बदलायचं. विषय तेच, पुस्तकं तीच, शिकवणाऱ्या बाई त्याच, फक्त पाटीवर बी. कॉम. आणि पुढं कॉम्प्युटरचं काहीतरी लांबलचक. ह्याला परीक्षा नको, काही नको. जुना कोर्स पोरं नाहीत म्हणून त्या वर्षापुरता बंद आणि नवा सुरू. हॉटेलवाल्याचा पोरगाही उचलून त्यातच टाकला. आठवड्यात वर्ग भरला; पोरीची एक जागा मी राखून ठेवली, पण तिच्या घरी कळवलं नाही, तिचा दिवा विझला असता म्हणून. ज्यांनी परीक्षा काढली ते वर आनंदात आणि ज्यांनी ती चुकवली ते खाली आनंदात. मावशी पुन्हा पूर्ण वर्ग झाडायला लागल्या.

निकाल लागला आणि बापलेक आले. पोरीचा आकडा असा की आमच्या चौकातल्या फ्लेक्सवाल्यांनी फेटा बांधूनच घेतला असता. वडिलांनी तो कागद लॅमिनेट करून आणला होता. हातात पेढ्याचा पुडा. मला, शिपायाला, प्राचार्यांना, सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं पेढे दिले. प्राचार्यांनी पेढा तोंडात टाकला, पोरीचा फोटो मागितला, कॉलेजच्या जाहिरातीत घालू म्हणाले. आणि मग त्याच तोंडानं सांगितलं की जुना कोर्स बंद झालाय, नव्यात प्रवेश देतो, त्याला हा कागद लागत नाही.

वडिलांना आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी समजावून सांगितलं, की काही फरक नाही, तेच शिकायचंय, मीच शिकवणार आहे. 

“बिनपरीक्षेचं तर तालुक्यातबी हाय,” ते म्हणाले. “बी. कॉम.च हाय तितंबी. मग हितं कशाला?”

मी सुरू झाले. इथं लॅब आहे, तिथं नाही, इथं पुढं नोकरीला माणसं येतात, तिथं एसटीसुद्धा वेळेवर येत नाही, आणि परीक्षेचं म्हणाल तर तिच्यावर एवढं काय आहे. त्यांनी मला शांतपणे थांबवलं. “तुमीच म्हणालासा की, बाई, त्या दिशी. काडीचा अर्थ न्हाय म्हणून. मी घरात सगळ्यास्नी सांगितलं, बाई कायबी म्हणूद्यात, परीक्षा मोठी हाय. आता त्यास्नी काय सांगू?”

 मी बरोबरच बोलले होते आणि तेच आता माझ्या पोरीच्या आड आलं होतं. माझी म्हणतेय मी, कारण तेवढ्यात ती माझी झाली होती. मला त्या परीक्षेचा, प्राचार्यांचा, वरच्या ऑफिसाचा आणि त्या न बघितलेल्या चुलत्यांचा एकदम संताप आला आणि करता काहीच येईना. वडिलांनी पिशवी उचलली आणि पोरीला चल म्हणाले.

पोरगी हलली नाही. तिनं त्यांच्या हातातून तो लॅमिनेट केलेला कागद घेतला, उलटा झाला होता तो सुलटा केला आणि परत त्यांच्याच हातात दिला.

“आबा, ह्ये मार्क तुमच्यासाठी काढल्यात,” ती म्हणाली. “तुमी घिऊन जावा. काकास्नी दावा, डेअरीत दावा, भित्तीला लावा. मी हितंच ऱ्हाणार हाय.”

प्राचार्य दुसरा पेढा गिळायचे थांबले. वडिलांनी कागदाकडं बघितलं, मग पोरीकडं. तिच्या तोंडावर राग नव्हता, रडूही नव्हतं. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला विचारलं, होस्टेलात जेवाण कसं असतंय.