रांगोळीने आखलेलं गेस्ट हाऊस

मुलांनो, मागच्या खेपेला तुम्ही लखनौला आलात आणि हॉटेलात उतरलात, ही गोष्ट मी विसरलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. अमौसीच्या विमानतळापासून आमची वृंदावन योजना ही वसाहत जवळ. तुमचं हॉटेल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे आमचं घर मागे टाकून तुम्ही पुढे गेलात आणि मग रोज सकाळी टॅक्सी करून परत आमच्याकडे येत राहिलात. तुमची आई म्हणाली होती, "आई, तुम्हाला उगाच त्रास नको." आजोबांना ते लगेच पटलं. मला पटलं नाही. घरात बाथरूम एकच आहे हे खरं, आणि आजोबांची आंघोळ येत असलेली सगळी स्तोत्रं संपेपर्यंत चालते हेही खरं. पण त्याला मी काय करणार?

शेजारचा रिकामा प्लॉट आमचाच. त्यात आजोबा मेथी लावतात आणि ती गल्लीतल्या गाई खातात. तिथे छोटंसं गेस्ट हाऊस बांधायचं असं मी ठरवलं. पुढच्या वेळी तुम्ही सगळे रात्री इथेच झोपायला हवेत, एवढाच माझा हेतू होता.

आजोबांच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी आर्किटेक्ट आहे. मराठी घरातली, पण वाढलेली इथेच. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्यामुळे मी मराठीत हट्ट करायचे आणि ती हिंदीत समजूत काढायची.

नवं घर जुन्याला शोभलं पाहिजे, यावर आम्हा तिघांचं एकमत होतं. आजोबांच्या मते शोभणं म्हणजे तोच गुलाबी रंग आणि खिडक्यांना तेच मोरांचं ग्रिल. हे मोर त्यांनी स्वतः कागदावर काढून लोहाराला दिले होते. ती बदकं आहेत असं गल्लीचं मत आहे. ती मुलगी फार गोड बोलते. म्हणाली, "काका, मोर एक ही घर में अच्छे लगते हैं. दूसरे में लगाएँगे तो नकल लगेगी." मग तिने नीट समजावलं. नवं घर साधं, विटांचं, मोठ्या काचांचं असेल. पण त्याचे छज्जे आपल्या छज्ज्यांच्याच उंचीवर येतील, व्हरांड्याची फरशी इथली तीच तिथे, आणि त्याचं छत आपल्या छताच्या वर जाणार नाही. आजोबांनी छताचं ऐकून बाकीचं मान्य केलं.

खरा वाद झाला दारावरून. तिने दार रस्त्याकडे काढलं होतं. मला ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारासमोर हवं होतं. म्हणजे पोळी तव्यावरून थेट तुमच्या हातात. ती म्हणाली, मेहमान को थोडी आजादी चाहिए. मी तिला सांगितलं की ही माझी नातवंडं आहेत, मेहमान नाहीत.

"तो फिर इसे गेस्ट हाउस क्यों कह रही हैं, काकू?"

मी चहा आणायला आत गेले.

आजोबा तिचा नकाशा उलटा धरून सोफा कुठे आहे ते शोधत होते. तेव्हा मी ठरवलं की हे असं कागदावर होणार नाही. नागपूरहून आणलेली पांढरी रांगोळी घेतली, मोजायची टेप आणि सुतळी घेतली, आणि मेथी काढून मोकळ्या झालेल्या जमिनीवर अख्खं घर खऱ्या मापात काढलं. भिंतीला दुहेरी रेघ, खिडकीला ठिपके, दाराच्या जागी रेघ सोडलेली. पलंगाच्या जागी जुनी साडी अंथरली. दार अर्थातच मी माझ्या मनासारखं, स्वयंपाकघरासमोर ठेवलं. आजोबा भिंतीतून आत आले, त्यांना परत पाठवून दारातून यायला लावलं. मग ते खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, आज कौन-सा व्रत है? आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "भाभीजी, अभी बाथरूम में हूँ. बाद में बताता हूँ." आर्किटेक्ट मुलगी हसून हसून आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसली.

या रांगोळीच्या गेस्ट हाऊसची सैर मी तुमच्या आईला फोनवर दाखवली. तिने सगळं कौतुकाने बघितलं आणि मग म्हणाली, फोन पलंगापाशी न्या आणि तिथून दार दाखवा. दाखवलं. समोर सरळ आमचं स्वयंपाकघर, आणि आजोबा एव्हाना तिथे पोचून हातात कप घेऊन तिला हात करत होते.

तिने आजोबांना हसून हात केला. मग म्हणाली, "आई, खरं सांगू? सकाळी डोळे उघडले की लगेच सगळ्यांच्या समोर, असं मला नाही जमत. थोडा वेळ दार लावून बसता आलं, तरच मी तिथे राहीन."

मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण 'त्रास नको' या उत्तराचं मी इतके दिवस काहीच करू शकले नव्हते. या नव्या कारणाचं मात्र काहीतरी करता येण्यासारखं होतं. मी फोन आर्किटेक्टच्या हातात दिला आणि खाली बसले. रांगोळीवर पाय द्यायचा नसतो, म्हणून हातानेच भिंत सलग केली आणि बाजूच्या भिंतीत, लिंबाच्या झाडाकडे, नवं दार सोडलं. ते ना रस्त्याकडे होतं, ना माझ्याकडे. ती मुलगी हळूच म्हणाली, इथून दोन्ही घरांचा व्हरांडा जोडता येईल, काकू, हवं तेव्हा जा-ये करता येईल. हे ती चक्क मराठीत म्हणाली.

"आता?" मी फोनमध्ये विचारलं.

"आता मी हॉटेल बघत नाही," तुमची आई म्हणाली.

गेस्ट हाऊस बांधून झालं आणि यंदा थंडीत तुम्ही आलात, तेव्हाची पहिली सकाळ तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही झोपला होतात. लिंबाकडचं ते दार बंद होतं. पेपर द्यायच्या निमित्ताने आजोबा दोनदा व्हरांड्यात गेले, दोनदा मी त्यांना परत आणलं. आमचा चहा उजाडताच होतो आणि त्यानंतर भांडी घासून पालथी पडतात, हा नियम तुम्हाला माहीत आहे. ऊन चांगलं वर आल्यावर तुमची आई केस मोकळे सोडून, शाल गुंडाळून एकटीच आली आणि दारात उभी राहून चहा उरलाय का म्हणाली.

उरलेला चहा कशाला प्यायचा, असं मी तिला म्हटलं आणि पातेलं सुलटं केलं. ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. बराच वेळ बसली.