वहीतलं पहिलं माप

शिवणकामाच्या त्या दुकानात तिला सगळे मास्तर म्हणायचे. बाई असून मास्तर, कारण कापड बेतणाऱ्याला मास्तरच म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळा शब्द शोधायला कुणाला सवड नव्हती. चार बायका मशीनवर शिवायच्या, मालकीणबाई गिऱ्हाइकांशी गोड बोलायच्या आणि मास्तर मागच्या खोलीतल्या लांब टेबलाशी उभी राहून कापायची. तिची ख्याती अशी, की ती माप लिहून घेत नसे. टेप फिरवायची, मान हलवायची, झालं. पंधरा दिवसांनी कापड समोर आलं की त्या बाईची छाती, कंबर, खांदा सगळं डोक्यात जागच्या जागी. मालकीणबाईंनी एकदा हौसेनं मापाची वही आणून दिली होती. ती टेबलाच्या आखूड पायाखाली गेली, आणि तिथे तिचा उपयोगही चांगला झाला.

दुखणं मात्र चौदाव्या वर्षापासूनचं. महिन्याच्या त्या दिवसांत पोटात असा पिळा पडायचा की डोळ्यांपुढे अंधारी यायची. "बाईच्या जन्माला हे असतंच," असं आई म्हणायची. त्या एका वाक्यावर वीस वर्षं निघाली. मास्तर गरम पाण्याची पिशवी ॲप्रनच्या आत बांधून कापत राहायची. तिसऱ्या डॉक्टर बाई होत्या, त्यांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा कुठे दुखण्याचं नाव कळलं. एंडोमेट्रिऑसिस.

"गर्भाशयाला आतून अस्तर असतं ना, तसलंच काहीतरी बाहेर वाढतंय. नको तिथे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे अस्तर बाहेरून लावलंय," मास्तर म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. नवरा हसला नाही. तो किल्ल्या बनवणारा माणूस. कुलूप खोलून बघता येतं, बायकोचं दुखणं येत नाही, ह्याची त्याला मनापासून धास्ती होती.

उपाय ठरला तो इंजेक्शनांचा. महिन्याला एक, अशी सहा. पाळी थांबेल, दुखणं कमी होईल, शरीराला मात्र वाटेल की बाईचं वय झालं. मास्तर तेव्हा चौतीस वर्षांची होती. पहिल्या महिन्यानंतर दुखणं खरंच थांबलं. ती नवऱ्याला म्हणाली, "एवढं साधं असतं होय माणसांचं जगणं?" आणि ढसाढसा रडली. इतकी वर्षं आपण काय काय उभ्याउभ्या सोसलं, ते थांबल्यावरच तिला कळलं.

पण दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात, आणि ती मुंगीही जाता जाता चावते. दुसऱ्या महिन्यापासून अंगातून वाफा निघू लागल्या. इस्त्रीजवळ गेलं की मानेपासून कपाळापर्यंत भडका, आणि दोन मिनिटांत घामानं अंग गार. पंखा लावावा तर बेतायचे कागदी नमुने उडायचे. सकाळी बोटं आखडलेली असायची, कात्रीच्या कडीत अंगठा जायला वेळ लागायचा. अंग सुटलं. नवऱ्यानं जवळ घेतलं की तिला नको व्हायचं, त्यानं कूस बदलली की त्याहून नको व्हायचं. एकदा त्यानं चहाचा कप चुकीच्या खुंटीला अडकवला म्हणून ती त्याला इतकं बोलली, की तो बिचारा कप हातात घेऊन दारातच उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी हाडांसाठी गोळ्या दिल्या, वाफांसाठी वेगळी गोळी दिली. थोडा फरक पडला.

विसरण्याचं मात्र तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलंच नाही. त्यांनाच काय, कुणालाच सांगितलं नाही. आधी शब्द जायचे. मग एका गिऱ्हाइकाची बाही आठवेना, तर तिनं बोटभर जास्त ठेवून निभावलं. वही टेबलाखालून काढली असती तर दोन दिवसांत सगळं सुरळीत झालं असतं. पण मग चारचौघींनी विचारलं असतं, मास्तर आता लिहून घेतात होय? ती वही काढणं म्हणजे टेबल सोडणं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. माणसाचा मान कशात अडकतो, सांगता येत नाही.

चौथ्या इंजेक्शननंतर शाळेतल्या मोठ्या बाई आल्या. उंच, धिप्पाड, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी करड्या लोकरीचं कापड आणलं होतं.

"ह्यांनी स्वतःच्या कोटासाठी घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "शिवायचं राहून गेलं. नऊ वर्षं कपाटात आहे. आता मी निवृत्त होतेय, त्या दिवशी मलाच घालायचाय."

मास्तरनं टेप फिरवली, मान हलवली. आठवड्यानं कापड टेबलावर पसरलं आणि आकडे आले, अगदी न अडखळता. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं एक घाव दोन तुकडे करावेत तसं झरझर कापलं. कापड बरंच उरलं. तेवढ्या देहाच्या बाईचा कोट कापून एवढं कापड उरत नाही, ही शंका नवख्या पोरीलाही आली असती. मास्तरला आनंद झाला, की आपण कापड किती वाचवलं.

मोठ्या बाई कोट घालून बघायला आल्या. एक हात गेला. दुसरा कोपरापाशी अडला, खांद्याशी मुंढ्याची शिवण करकरली. मशीनं एकेक करून थांबली.

"अंग आवळून धरा जरा," मालकीणबाई उगाचच म्हणाल्या.

"नाही हो, हा माझा नाही," मोठ्या बाई हळू म्हणाल्या. शाळा गाजवणारा तो आवाज, मशीनं चालू असती तर, कुणाला ऐकूही गेला नसता. त्यांनी कोट काढला, बाहीवरून एकदा हात फिरवला आणि टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

मास्तरनं कोटाला टेप लावली. कोटाला सोडतात ती चार इंच ढिलाई वजा केली. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, खांदा चौदा. कुणाचं माप हे? तिनं टेप पुन्हा लावली. हे तिचंच होतं. लग्नात स्वतःचा कोट बेतला तेव्हाचं. डोकं रिकामं झालं होतं, आणि तळाशी तेवढंच उरलं होतं.

सगळ्या गेल्यावर तिनं तो कोट स्वतःच्या अंगावर चढवून पाहिला. बटणं आणि काजं यांत चांगलं चार बोटं अंतर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई दार लोटून आत आल्या. "तुझ्या हाताला तोड नाही, पण उरलेल्या कापडाचा कोट होत नाही गं. तू लिहून तरी घे, नाहीतर काही महिने काजं-बटणं कर. कात्री मी दुसरीच्या हाती देते."

तेव्हा कुठे तिनं सांगितलं. वाफा, बोटं, विसरणं, सगळं. मालकीणबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मग इंजेक्शन सोड की."

"सोडलं तर दुखतं," मास्तर म्हणाली.



रविवारी सकाळी तिनं ती वही घरी आणली. टेबलाच्या पायाचा वळ पुठ्ठ्यावर कायमचा उमटला होता. तिनं नवऱ्याच्या हातात टेप दिली.

"घे माझं माप."

"मी?"

"मग कोण, शेजारी?"

त्यानं टेप उलटी धरली, मग सुलटी केली, आणि काचेचं भांडं धरावं तशी तिच्या छातीभोवती फिरवली. किती दिवसांनी तो इतक्या जवळ आला होता. आकडा वाचायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला.

"अडतीस," तो म्हणाला.

तिनं खाली पाहिलं नाही. पाठीवर टेप कुठे बसलीय ते तिच्या अंगाला कळत होतं. हात आखडले असतील, डोकं दगा देत असेल, पण टेप तिच्याशी खोटं बोलणार नव्हती.

"नीट बघ."

त्यानं टेपवर पुन्हा अंगठा ठेवला. मग म्हणाला, "चाळीस."

"बेतायला लबाडी चालत नाही," ती म्हणाली. रागानं नाही. तिनं आखडल्या बोटांत पेन धरलं, वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं, आणि पुढे लिहिलं, छाती चाळीस.

"आता कंबर," ती म्हणाली. त्याच्याच्यानं लगेच वाचवेना, म्हणून ती पेन धरून थांबली.