साडेसदतीस अंश

"त्याले कोनं सांगतलं?"

हा प्रश्न विचारताना सर खडू हवेत धरायचे आणि कोणी तोंड उघडेपर्यंत तो खाली आणायचे नाहीत. फळ्यावर एक मज्जापेशी असायची. तिचा लांबच लांब धागा कण्यापासून निघून पायाच्या अंगठ्याकडे चाललेला. "एवढ्या गर्दीतून, अंधारातून हा धागा बराबर अंगठ्यापाशीच काहून गेला? गुडघ्यापाशी काहून नाई थांबला? त्याले कोनं सांगतलं?"

मग तेच सांगत. "शेजाऱ्यायनं सांगतलं. वाटेतल्या पेशी त्याले निरोप देतात. एक म्हनते, ये. दुसरी म्हनते, इकडं नोको येऊ. अन् ज्याले निरोपच भेटत नाई, ते पेशी मरते."

तुम्हीही असे एखादे सर पाहिले असतील. बाही खडूने पांढरी, खिशात भिंग, आणि वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर. आमचं कॉलेज आर्णीपासून अर्ध्या तासावर. सर जवळच्याच तांड्यातले. आईशी फोनवर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि परीक्षेपुरते पुस्तकी मराठीत. मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेतून आलेली. वर्गात बोलायची वेळ आली की माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार व्हायचं आणि मराठीत येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

एकदा त्यांनी आम्हाला व्हरांड्यात एका रांगेत उभं केलं आणि टोकाला उभं राहून हळू आवाजात काहीतरी म्हणाले. पहिल्या तिघांना सगळं ऐकू आलं, मधल्यांना अर्धं, शेवटच्यांना नुसती कुजबुज. "पोट्टेहो, मेंदू असाच बनते. जवळच्या पेशीले निरोप मोठा, दूरच्या पेशीले बारीक. जेवढं आयकू आलं तेवढ्यावरून ज्यानं त्यानं आपलं काम वळखाचं." मी अगदी शेवटी उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पेशी बोलत नाई. पन आयकते सारं."

म्हणून असेल, अंडी उबवायच्या इन्क्युबेटरची वही त्यांनी मला दिली. सकाळी अकरा आणि दुपारी चारला तापमान बघायचं आणि लिहायचं. साडेसदतीस अंश. वीज गेली की सर यंत्राला गोधडी गुंडाळायचे आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. तोवर मी काचेतून पारा बघत बसायचे. तो हलला नाही. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे.

प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने घरून गावरान अंडी आणायची आणि कवचावर पेन्सिलीने नाव आणि गाव लिहायचं, अशी सरांची पद्धत होती. अंडी दोन दिवस उबवायची. मग कोमट मिठाच्या पाण्यात धरून कवचाला छोटी खिडकी पाडायची. आत लाल ठिपका धडधडत असतो, ते हृदय. आणि वरच्या टोकाला मेंदूची सुरुवात. आधी ती चपटी पट्टी असते. निरोप वेळेवर मिळाले की पट्टीच्या कडा वळतात, जुळतात, नळी होते.

त्या वर्षी काही अंड्यांत ती नळी जुळलीच नाही. डोक्याकडचा भाग उघडा, अर्धवट वळलेल्या पानासारखा. सरांनी कवचं उलटून नावं वाचली. सगळी सविताची. सविता माझ्या बाकावर बसायची, सरांच्याच तांड्यातली. तिने पुन्हा अंडी आणली, पुन्हा तेच. त्याच ट्रेमधली उमरखेडकडच्या मुलाची अंडी छान होती. माझ्या मामेबहिणीकडचीही. मी सगळ्यांची चित्रं काढली.

"तुमच्या कोंबड्या चरतात कुठं?" सरांनी विचारलं.

"हापशीपाशी," सविता म्हणाली. "जिथं फवारनीचे पंप धुतो तिथं."

"धुते कोन?"

"वहिनी. अन् भाऊचे कपडे बी तेच धुते."

तिची वहिनी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती.

बोंडअळीने कपाशी पोखरलेली ती वर्षं. लोक दोनदोन, तीनतीन औषधं एकत्र करून फवारत होते. विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. विकणाराही तेच म्हणतो, आणि त्याला तसं म्हणताना कधी अडखळलेलं मी पाहिलं नाही.

सर रविवारी तांड्यावर गेले. सविताच्या भावाला म्हणाले, "पंप तू धूत जा. तिले हात नोको लावू देऊ." भाऊ म्हणाला, "काका, सरकारनं तसं सांगतलं असन तर कागद आना. शिक्का पाह्यजे. नाई तं मायी माय म्हनते, आमी नाई का धुतले."

म्हणून सरांनी जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. तपासणी करा, आणि तोवर गरोदर बायांनी पंप, कपडे धुऊ नयेत असं गावोगाव सांगा, एवढंच. खाली त्यांनी आपल्या हाताने लिहिलं होतं, 'अंड्यावरून माणसाचं सांगता येत नाही, पण विचारता नक्की येतं.' प्राचार्यांनी ते पुढे पाठवायचं, शिक्का मारून. प्राचार्यांनी ते संस्थेच्या संचालकांना दाखवलं. संचालकांचं कृषी केंद्र होतं, फवारणीच्या औषधांचं दुकान.

संचालक स्वतः प्रयोगशाळेत आले. ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. इन्क्युबेटरवर बोटांनी टकटक केली. "हे जुनं झालं सर. वीज जाते, येते. अंडी नासणारच." मग माझ्याकडे वळले. "बेटा, वही तुझ्याकडे असते ना? यंत्र नीट चालत होतं का?"

वही माझ्या हातात होती. वाक्य इंग्रजीत तयार होतं, मराठीतही होतं. अगदी सोपं होतं. हो, एवढंही चाललं असतं.

मी म्हणाले, "मी फक्त चित्रं काढली."

सर माझ्याकडे बघतील असं वाटलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहू द्या साहेब, पोरगी लाजते." त्यांनी मला वाचवलं. याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. त्यांचा नाही. माझा, आणि त्या टकटकणाऱ्या बोटांचा.

अहवालात लिहिलं गेलं, यंत्र सदोष. यंत्राच्या दरवाज्यावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटला. पत्र गेलं नाही. वहिनी नवव्या महिन्यापर्यंत पंप धूत राहिली.

बाळ धडधाकट झालं. संचालकांनी हे भर व्हरांड्यात सरांना ऐकवलं. "बघा, आजोबा झालात आणि अजून घाबरता." सर बारशाला जाऊन आले होते, खूश होते. म्हणाले, "आनंदच हाय साहेब. पन एक गाडी बिनब्रेकची घाट उतरली म्हनून ब्रेक काढाचे नसतात." कोणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी सरांना तासिका मिळाल्या नाहीत. कारण कोणी दिलं नाही. सर रविवारी हापशीपाशी जाऊन बसत, पंप घेऊन येणाऱ्या बाईच्या हातातून तो घेत आणि म्हणत, "याडी, माय, घरी जाय. तुया नवऱ्याले पाठव." काही नवरे येत. काही शिव्या देत. मी एकदाही गेले नाही. सविता सगळं सांगायची आणि मी ऐकायचे. ऐकण्यात मी हुशार होतेच.

सर गेल्या उन्हाळ्यात वारले. आणि या जूनपासून तासिका तत्त्वावर त्या कॉलेजात मी आहे.

पहिल्या दिवशी प्रयोगशाळा उघडली. इन्क्युबेटर कोपऱ्यात होतं, त्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मी गठ्ठे उतरवले आणि प्लग लावला. शिपाईकाका धावत आले. "मॅडम, ते बिघडेल हाय. त्याले हात नोका लावू."

मी स्टूल ओढून काचेसमोर बसले. पारा हळूहळू चढला, साडेसदतीसवर आला आणि थांबला. अर्धा तास झाला, तासभर झाला. तो हलला नाही. काका चहा घेऊन आले, तेही वाकून बघत राहिले.

"ते कधीच बिघडलं नव्हतं काका," मी म्हणाले.

"कोनं सांगतलं तुमाले?" त्यांनी सहज विचारलं.

मी पिशवीतून ती जुनी वही काढली आणि त्यांच्यापुढे उघडली. ऐकणाऱ्या त्या एका माणसासमोर मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. सकाळी अकरा, साडेसदतीस. दुपारी चार, साडेसदतीस.